शेवंताकाकूचा रोजचा फोन

आता तुम्हीच सांगा, या बाईले शहाणी म्हणायचं का येडी?

आमच्या बचत गटात मी सगळ्या बायांना तंबी देऊन ठेवली आहे. फोनवर कोणी ओटीपी मागितला की फोन कापायचा, एक शब्द बोलायचा नाही. परवा मी शेवंताकाकूकडे गेली, तर ही एकटी राहणारी म्हातारी कोणाला तरी फोनवर आकडे सांगत बसलेली! मी फोन हिसकावला. पलीकडून आवाज आला, "माताजी, ओटीपी फिर गलत है."

त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला आणि नंबर ब्लॉक करून टाकला.

"काकू, डोकं गहाण ठेवलं का? निराधारचे पैसे त्याच खात्यात येतात ना तुमचे?"

"काई नाई होत वं. रोज खोटेच आकडे सांगून राह्यली मी त्याले."

"रोज? मंग फोन कापत काऊन नाई?"

"खरा आकडा सांगतला तं पैसे घेऊन पळन. कापला तं उद्या फोन नाई करन. आकडा मांगाच्या आधी तो इचारते ना, माताजी, खाना खाया क्या?"

माझा राग तिथंच विझला. तरी म्हटलं, "चोर आहे तो, काकू. नंबर बंद केला तेच बरं झालं."

काकूने फोन माझ्या हातातून घेतला.

"पुण्याच्या माह्या पोराचा नंबर तं कोणी बंद नाई केला," ती म्हणाली. "तरी त्याचा फोन येत नाई."