उरेल ना

नौपाड्यातल्या दवाखान्यात माझ्या शेजारी भाऊबहीण बसले होते. आत त्यांच्या आईला सलाईन लावलं होतं. घरी ती चक्कर येऊन पडली होती.

"विनीत, आई उपाशी राहते हे तुला कळलंच नाही?"

"ताई, रोज अन्न उरायचं. ऑफिसच्या ट्रेनिंगमध्ये शिकवलेलं, मागणी असेल तेवढंच बनवायचं. म्हणून तिला म्हटलेलं, माझा मेसेज आला तरच रात्रीचा स्वयंपाक कर."

"आणि मेसेज नाही केलास तर?"

"मी बाहेरच जेवतो."

"तू जेवतोस रे. ती?"

"आत्ता विचारलं. म्हणाली, एकटीसाठी कुकर लावला तर उरेल ना, तुला चालत नाही."

"चल, डॉक्टर बोलावतायत."

"तू सांग ना त्यांना. मला नाही सांगवणार."

"तूच सांग. ट्रेनिंग तुझं झालंय."