बारावी सही

नेलिदा : वाचलंस ना सगळं? मग कर की सही. अकरा झाल्यात, तुझी बारावी.

सोइला : हात साबणाचे आहेत गं.

नेलिदा : पूस. पेन आहे माझ्याकडे.

सोइला : ठेव तिथे, शिलाई मशीनवर. करते नंतर.

नेलिदा : नंतर कधी? चारला सभा आहे. कागद सगळ्यांसमोर वाचायचाय. ग्रिमानेसानं नगरपालिकेत चुगली केली, आपलं वस्तीचं स्वयंपाकघर बंद पाडलं, म्हणून तिला आणि तिच्या घरच्यांना जेवणाच्या यादीतून काढावं. चार ओळी आहेत. त्यात एवढं काय बघतेस?

सोइला : घरच्यांनापण? तिची चार पोरं दुपारी तिथेच जेवतात.

नेलिदा : नऊ दिवस झाले, कुणाचीच पोरं जेवत नाहीयेत तिथे. दाराला सील आहे, सोइला. ऐंशी ताटं होती आपली रोजची.

सोइला : माहीत आहे मला किती होती. मीच वाढायचे.

एउदोसिया : कोण आलंय गं सूनबाई? नेलिदा का? एवढ्या धुक्यात तीनशे पायऱ्या चढून आली म्हणजे नुसती ख्यालीखुशाली विचारायला नसंल आली.

नेलिदा : नाही मावशी, काम आहे थोडं. तुमचे गुडघे कसे आहेत?

एउदोसिया : गुडघ्यांचं काय, ते माझ्याआधीच म्हातारे झाले. बस की. किनव्याची पेज हाय गरम. सोइला, तिला वाटी दे. आणि ती चादर काढ दोरीवरून, तीन दिस झाले तिथंच लोंबतीय, वाळंल कधी? लिमाच्या या आभाळाला ऊन ठावंच नाही. आमच्या डोंगरात बर्फ पडायचा, पण कपडे वाळायचे.

नेलिदा : पेज नको मावशी. मी सहीसाठी आलेय. ग्रिमानेसाला काढतोय यादीतून.

एउदोसिया : कशापायी?

नेलिदा : तक्रार तिनं केली म्हणून. एक पळी कमी वाढली म्हणून भांडली होती ना आपल्याशी जूनमध्ये? 'बघून घेईन एकेकीला' म्हणाली होती. हिच्या तोंडावर म्हणाली होती. काय गं, म्हणाली होती ना?

सोइला : रागात बोलतं माणूस. माझ्या पोराला सर्दी झाली तेव्हा निलगिरीचा पाला तिनंच आणून दिला होता.

नेलिदा : बरीच कड घेतेस तिची.

सोइला : कड कसली? पुरावा आहे का तुमच्याकडे? कुणी पाहिलंय तिला?

नेलिदा : अकरा बायकांना खात्री आहे.

सोइला : खात्री म्हणजे पुरावा नाही.

नेलिदा : हे तू म्हणतेस? इग्नासिया मटार पळवते, अशी तुझी नुसती खात्री होती तेव्हा तिची पिशवी उलटी केली होतीस तू. सगळ्यांदेखत.

सोइला : चुकलं होतं ते. माफी मागितली मी.

(नेलिदा दोरीवरची ओली चादर काढून घडी घालायला घेते. सोइला दुसरं टोक धरते.)

नेलिदा : बरं, सही राहू दे. मला एक सांग. तो तपासनीस आला त्या मंगळवारी तू कुठे होतीस?

सोइला : तिथेच. बटाटे सोलत होते. तूच तर समोर होतीस.

नेलिदा : होते ना. म्हणून तर आठवतंय. तो आत आला. भांडी पाहिली नाहीत, पाण्याचं पिंप पाहिलं नाही, तुझं-माझं आरोग्याचं कार्ड मागितलं नाही. सरळ पडद्यामागे गेला, सिलिंडरपाशी वाकला, नळी हातात धरली. जसं काही कुणी घरचा पत्ता लिहून दिला होता.

सोइला : त्यांचं कामच असतं ते.

नेलिदा : रस्त्यासाठी सहा वर्षं अर्ज करतोय आपण. एक माणूस चढून आला नाही वर. आणि इथे सोमवारी तक्रार, मंगळवारी साहेब हजर.

सोइला : सोमवारी? तुला काय माहीत सोमवारी?

नेलिदा : आज सकाळी गेले होते खाली, नगरपालिकेत. खिडकीवरच्या मुलीकडे दोन तास ठाण मांडून बसले. नाव नाही सांगितलं तिनं. पण तक्रार वाचून दाखवली. बाईमाणसाचा फोन होता. 'गॅसची नळी फाटली आहे आणि तिला निळ्या स्वेटरची पट्टी बांधली आहे.'

सोइला : अच्छा.

नेलिदा : अच्छा काय? चादर ओढू नकोस एवढी. निळी पट्टी आपण रविवारी संध्याकाळी बांधली. माझ्या यादिराचा जुना स्वेटर होता, मी कापला, तू गाठ मारलीस. सोमवारी स्वयंपाकाला आपण दोघीच. पडद्यामागे तिसरी कोण गेली?

सोइला : ग्रिमानेसा येऊन गेली असेल. दार कुठे लागतं त्याचं नीट.

नेलिदा : ग्रिमानेसा शनिवारपासून तिकडे उआचो शहरात होती, लेकीच्या बाळंतपणाला. बुधवारी आली. मी तिकीट पाहिलंय.

सोइला : मग... मग हा कागद कशाला आणलास?

नेलिदा : कागद खराच आहे. त्या अकराजणींनी मनापासून सह्या केल्यात. मी केली नाही. बघ नीट, माझं नाव दिसतंय का कुठे?

सोइला : म्हणजे तू बघायला आलीस. मी करते का ते.

नेलिदा : हो.

सोइला : आणि केली असती तर?

नेलिदा : तर पुन्हा या दारात आले नसते.

एउदोसिया : आता पुरे झालं. म्या केला फोन.

सोइला : आई!

एउदोसिया : गप गं. म्या केला. रविवारी कोथिंबीर द्यायला गेले होते तिथं. पाहिली ती पट्टी. म्हटलं, एखाद दिशी समद्या बायका उडतील आभाळात. केला फोन.

नेलिदा : कुठल्या नंबरवर केलात मावशी?

एउदोसिया : नंबर काय, लावला की झालं. तुम्ही नाही का लावत?

नेलिदा : मावशी, परवा तुम्हाला मुलाशी बोलायचं होतं तर खालच्या दुकानदाराला वर बोलावलं होतंत बटण दाबायला. सगळ्या वस्तीला माहीत आहे.

एउदोसिया : मग? म्हातारीला काढा यादीतून. मला तुमचं ते सोयाबीन तसंही पचत नाही.

सोइला : आई, नका ना. बसा तुम्ही. नेलिदा, मी केला.

नेलिदा : पुन्हा म्हण.

सोइला : मी केला फोन. सोमवारी, भांडी घासून आल्यावर. इथेच, या दगडावर बसून. आईंनी ऐकलं, आणि नऊ दिवस त्याबद्दल अवाक्षर काढलं नाही. एरवी मीठ जास्त पडलं तरी चार घरांत सांगून येतात.

एउदोसिया : मीठ जास्तच असतंय.

नेलिदा : का, सोइला? माझ्यावर राग होता? माझं अध्यक्षपद हवं होतं? कुणी काही देतो म्हणालं का तुला? त्या जागेवर डोळा आहे पुष्कळांचा.

सोइला : तुला खरंच असं वाटतं?

नेलिदा : मला काय वाटायचं ते वाटून गेलंय. सकाळपासून त्या पायऱ्यांवर सगळं वाटून झालंय. तू सांग.

सोइला : मला झोपायचं होतं.

नेलिदा : काय?

सोइला : झोपायचं होतं गं. पट्टी बांधून झाली आणि तू म्हणालीस, 'चला, महिनाभर निघेल यात.' आणि मला तिथेच रडू फुटलं. तुला वाटलं कांदा. मनात आलं, अजून महिना. पहाटे साडेतीनला उठायचं, तुझ्याबरोबर बाजारात, पोती टेम्पोत, मग मटार, मग बटाटे, मग ऐंशी ताटं, मग ते काळं पातेलं. घरी आले की गणवेश शिवायला बसायचं. मग शाळेच्या पालक मंडळाची बैठक, तिथे झाडायला कोण, तर सोइला. नवरा म्हणून विल्मेर, तो ट्रकवर, महिन्यातून चार दिवस घरी. माझे वार तीन होते, नेलिदा. सोमवार, बुधवार, शुक्रवार. पाच कधी झाले ते मलाच कळलं नाही. कुणाचं पोर आजारी, कुणाचा नवरा आलाय, 'सोइला, तेवढा माझा वार बघ.' मला नाही म्हणता येत नाही.

नेलिदा : मला सांगायचंस.

सोइला : सांगितलं होतं. मे महिन्यात, बाजारातून येताना. तू म्हणालीस, 'आपण सगळ्याच दमतो.'

नेलिदा : म्हणाले असेन.

सोइला : मला वाटलं, येतील, नळी बदला म्हणतील, दोन दिवस बंद ठेवतील. नळी तर खरंच फाटली होती, खोटं नव्हतं त्यात. दोन दिवस, एवढंच. सील लावतील, भिंतीची भेग काढतील, मोरीचा पाइप काढतील, हे माझ्या स्वप्नातही नव्हतं.

नेलिदा : आणि नऊ दिवस गप्प राहिलीस. त्या बायका ग्रिमानेसाच्या दारावर जाऊन शिव्या देऊन आल्या. तू ऐकलंस ना?

सोइला : ऐकलं.

नेलिदा : आणि म्हातारा आबुंदियो पाण्यात बिस्किटं भिजवून खातोय. दात नाहीत त्याला, चूल नाही.

सोइला : माहीत आहे. त्याच्या दारावरून जाते तेव्हा तो हात करतो. मी वर बघत नाही.

एउदोसिया : रविवारी ही उभ्याउभ्या झोपली होती, ते सांग की तिला. कोथिंबीर घेऊन गेले तर ही पातेल्यापाशी उभी, डोळे मिटलेले, हातात उलथनं. खाली उकळता रस्सा. हाक मारायचं भ्या वाटलं मला. दचकली असती तर आत गेली असती. तवा हिच्या कमरेला धरून बाजूला घेतली.

नेलिदा : हे मला कुणी सांगितलं नाही.

एउदोसिया : तू विचारलंस कधी? तू येतीस, यादी वाचतीस, जातीस.

सोइला : आई, तिला बोलू नका. तीही साडेतीनलाच उठते.

नेलिदा : नको, बोलू देत.

सोइला : मी येते सभेला. मीच सांगते सगळ्यांना. ग्रिमानेसाचं नाव तेवढं फाडून टाक.

नेलिदा : काय होईल माहीत आहे? इग्नासिया विसरलेली नाही ती पिशवी. ओरबाडतील तुला. यादीतून तर काढतीलच.

सोइला : काढू देत. माझी तीन पोरं मी घरी जेवू घालीन. बटाटे तर बटाटे.

नेलिदा : आणि मला विचारतील, तुला हिच्यावर संशय कधी आला? काय सांगू? सील लागलं त्याच दिवशी आला, हे सांगू?

सोइला : त्याच दिवशी?

नेलिदा : तो पडद्यामागे गेला आणि तू बटाटा सोलायची थांबलीस. माझ्याकडे पाहिलं नाहीस. तेव्हाच. पण मी मनाला म्हटलं, ग्रिमानेसाच असेल. तिचं नाव पहिल्यांदा कोण बोललं सभेत, आठवतंय? मीच बोलले. सरळ म्हटलं नाही, नुसतं 'पळीचं भांडण विसरू नका' म्हटलं. पुढचं त्यांनी केलं.

सोइला : नेलिदा!

नेलिदा : म्हणून आज खाली गेले. शिव्या खाल्ल्यापासून ग्रिमानेसा डोक्याला पदर घेतल्यासारखी शाल ओढून पाणी भरते. मला बघवेना.

एउदोसिया : दोघी एका माळेचे मणी.

नेलिदा : आणखी एक सांगते. हे मात्र सभेत बोललीस तर याद राख. सील लागलं त्याच्या दुसऱ्या दिवशी मी साडेसातला उठले. यादिरा शाळेला निघाली होती. म्हटलं, ये, वेणी घालते. तर म्हणाली, 'तुला येते?' आठ वर्षांची आहे. रोज तिची मोठी बहीण घालते. मी घातली, वाकडी झाली. ती तशीच गेली शाळेत. मी दारात उभी राहिले आणि मनात आलं, अजून चार दिवस सील राहू दे.

सोइला : तुला पण?

नेलिदा : मला पण. आणि मी अध्यक्ष आहे.

सोइला : मग आता?

नेलिदा : आता काय, चारला सभा. तू तुझं सांग, मी माझं सांगते. ग्रिमानेसाची माफी दोघींनी मागायची, तिच्या दारात जाऊन, सगळ्यांदेखत. नळी नवीन आणलीये, शुक्रवारी साहेब येऊन सील काढणार आहे. त्यानंतर कुणाचे किती वार ते भिंतीवर लिहायचं, म्हणजे तुला तोंडानं नाही म्हणावं लागणार नाही. ठेवलं तुला यादीत, तर. मी हात वर करीन तुझ्यासाठी. बाकीच्या अकराजणींचं मी सांगू शकत नाही.

एउदोसिया : आत्ता दोनच वाजतायत. हिला तासभर पडू दे. चेहरा बघ तिचा, तांदळाच्या पेजेवाणी झालाय.

सोइला : नको आई, धुणं राहिलंय.

नेलिदा : धुणं मी बघते. जा, आडवी हो.

सोइला : मी झोपल्यावर एकटीच खाली जाणार नाहीस ना? माझं नाव तूच सांगून मोकळी व्हायला?

नेलिदा : आणि मी इथे बसले नाही तर तू मागच्या वाटेनं पळणार नाहीस कशावरून?

सोइला : उठवशील ना पण?

नेलिदा : साडेतीनला उठवते. दुपारच्या.