ट्रिम सतरा

उचला ना, बॉनेट उचला खुशाल, मी कुठं अडवतेय. फक्त हळू. आत स्टेअरिंगवर माणूस बसलाय — दिसला? तो माझा नवरा, भिवाजी ड्रायवर. नवऱ्याचं नाव घ्यायला ही इंदूबाई कधी लाजली नाय, आणि आता तर मीच घेते, त्याचं त्याला कुठं आठवतंय. मलाबी वळखत नाय. काल भाकरी पुढं ठेवली तर म्हणतो, बाई, तुमी कोणाकडच्या? म्हटलं, भिसेगावची. म्हणतो, आमची मंडळीबी भिसेगावचीच. — हसा, हसा. मीबी हसले.

तर धाकट्या शेठकडनं गाडी घेतलीत तुमी. चांगलं केलंत. थोरले शेठ एशियाडच्या साली गेले, पोरानं बंगला काढला, आता गाडी काढली, त्यांचं त्यांनी विकलं, आमी गॅरेजच्या मागल्या खोलीतली माणसं, आमी कोण बोलणार. चाकात हवा भरलीत, बाहेर टेंपो दोर घेऊन उभा हाय, सगळं रीतसर. मी आपलं एवढंच सांगते, फसलात तुमी. ही गाडी खरी नाय. हां. तो समोरचा पत्रा बघा, इंजिनामागच्या भिंतीवरचा, चार रिबिटांचा — थांबा, पदरानं पुसते, तुमचा रुमाल पांढरा हाय. वाचा. सदतीस, ते साल. पुढचा आकडा बॉडी कसली त्याचा, चार दारांची. मग ती कितवी निघाली ते. मग पेंट. आता तुमीच सांगा, तो नंबर काळ्या रंगाचा हाय का नाय? काळ्याचाच. आणि गाडी कसली दिसते? हिरवी. शेठाणींना काळं चालायचं नाय. दिवे दुसऱ्याच गाडीचे, कार्बोरेटर खोपोलीच्या भंगारातला. पत्रा एक बोलतो, गाडी एक बोलते. असली गाडी मुंबईत नेऊन काय मिरवणार? लोक हसतील.

— काय? रंगवणार? पत्र्यात लिहिलीय तश्शी, काळी? आणि दिवेबी शोधणार, असतील तिथनं. म्हणजे मी जेवढं खोटं दाखवीन तेवढं तुमी खरं करत जाणार. बरं हाय बाबा. पत्रा असला की बरं असतं. ह्या म्हाताऱ्याच्या पाठीवर कुणी ठोकला असता एखादा, तर मीबी वाचून वाचून त्याला होता तसा केला असता.

इंग्रजी ना? इथंच शिकले, ह्या बॉनेटखाली, उभ्या उभ्या. शाळेत आमच्या वस्तीतल्या पोरींना पडवीत बसवायचे. मी म्हटलं, बसेन तर बाकावर, नायतर नाय. त्यांनी बसवलं नाय, मी गेले नाय. लग्न होऊन इथं आले तर ह्यानं काय दाखवावं नव्या नवरीला — हा पत्रा. माझं बोट धरून, हे पी, हे ए, त्याच्या हाताचं ग्रीस माझ्या बांगड्यांना. आणि हा शेवटचा आकडा दाखवून म्हणाला, हा सतरा, हा ड्रायवरचा नंबर. अमेरिकेत गाडी बनली तेव्हाच कंपनीनं ठरवून टाकलं, हिला सतरा नंबरचा ड्रायवर. तो मी. शेठनं मनात आणलं तरी मला काढता येत नाय, वरनं हुकूम हाय. पुढं मला अक्षरं लागली. बघते तर तिथं टी, आर, आय, एम. म्हटलं, अवो, ड्रायवर तर डीनं सुरू व्हतो. म्हणतो, कंपनीचं इंग्रजी निराळं असतं. असा माणूस. त्याच्याशी कोण भांडणार.

म्हणून म्हणते, जरा ऐकून घ्या. मी रोज सकाळी बॉनेट उचलते आणि हजेरी घेतल्यागत वाचते. सदतीस — तो गप. बॉडी — गप. पेंट — गप. सतरा म्हटलं की आतनं आवाज येतो, हजर. आणि मग काच खाली करून माझ्याकडं बघतो, म्हणतो, इंदे, चाय ठेव. झालं. चहा उकळेस्तोवर परत, बाई तुमी कोण. पण तेवढा वेळ मी इंदी असते. ह्या जगात आता मला इंदे म्हणणारं दुसरं कोण उरलंय — आई गेली, भाऊ गेला... हे सांगायचं नव्हतं मला. मी म्हाताऱ्याच्या नावानं अडवत व्हते तुमाला. म्हाताऱ्याला काय, तो कुठंबी बसेल.

नाय, पत्रा तेवढा काढून द्या, असं नाय म्हणणार मी. करून बघितलं ते. माझा भाचा वाल्मिक साजगावला कारखान्यात हाय, त्याच्याकडनं हुबेहूब असलाच पत्रा आकडे ठोकून आणला, खोलीत खाटेवर म्हाताऱ्याला बसवला, पत्रा वाचला, चारदा वाचला. तो खाटेच्या खुराकडं बघत बसला. त्याला बॉनेटची करकर लागते, तेलाचा वास लागतो, आणखी काय काय लागतं, मला तरी कुठं ठावं. सगळी गाडीच लागते. आणि सगळी गाडी तर तुमची.

काय म्हणालात? ट्रिम म्हणजे — गाद्यांचं? सीटवरच्या कातड्याचा नंबर. सतरा म्हणजे तपकिरी... हळू बोला. त्याच्या बाजूची काच खाली हाय. — तपकिरीच हाय सीट. त्याच्यावरच तर बसलाय. म्हणजे इतकी वर्षं तो सीटच्या नावानं हजर म्हणतोय. बरं. कातड्याचा तर कातड्याचा. तुमी शिकलेले, तुमी पुस्तक बघून सांगता, मी कशाला नाय म्हणू. फक्त त्याला सांगू नका.

मग आता उरलं काय? काढायचं त्याला बाहेर. ते मला नाय जमायचं. सकाळपास्नं दोनदा बघितलं, मूठ सोडत नाय. तुमी आणि टेंपोवाला, दोघं मिळून काढाल, म्हातारं हलकं हाय. ओढू नका पण. बोटं एकेक करून सोडवा, म्हणजे —

थांबा. बोलू नका.

दार उघडलं त्यानं. उतरतोय. नाय, मी नाय बोलावलं, माझं तोंड तर तुमच्याकडं हाय. दिवाळीपास्नं आपण होऊन उतरला नाय तो. मडगार्डला धरून येतोय बघा — सदऱ्याची गुंडी लावतोय. तुमच्याकडं बघून लावतोय. अवो, इकडं, मी इथं हाय... नाय. मागचं दार उघडलं. एक हात दारावर, एक छपराच्या कडेला, शेठचं डोकं आपटू नये म्हणून. तुमाला शेठ समजला तो.

आता माझ्याकडं काय बघताय. बसा. तुमी बसल्याबिगर तो दार लावणार नाय, तसाच धरून उभा राहील. बसा शेठ. दोरानं टोचन लावलेल्या गाडीच्या स्टेअरिंगला माणूस लागतोच, असू दे त्यालाच फाटकापर्यंत, रस्ता त्याला ठावा हाय. फाटकाशी मी उभी राहते. उतरला तर घेईन उतरवून.

बसा तुमी.