मापाचा जार

बाटली द्या ना जरा इकडं. — प्याले नाई हो, प्याले तं मले इथी मापून देते, औषध पाजल्यासारखं — उलीसंकच पायजे. तिकडं पाहा, आचल सिस्टर येऊन तं नाई राहिली? पडदा वढा थोडा. हां. आता जार मी धरतो, तुमी पाणी सोडा. — माझाच जार हाय भाऊ, माझीच लघवी, तुमी कावून भेता? सोडा. बस, बस, जास्त नाई, रंग उतरते मंग. काल मी माझ्या वाट्याचं पाणी टाकलं त्याच्यात, तोंड कोरडं ठेऊन, तं सिस्टर म्हणे, किसनकाका, लघवी पांढरी कशी आज? म्हटलं, आतून साफ झालो असन.

तुमी हासून राहिले. तुमचंबी काळीज खोलतीन, मंग समजन. आता मले सांगा, ऑपरेशन कायचं? काळजाचं. अन् ज्यानं-त्यानं इचाराचं काय? लघवी किती झाली. डॉक्टरचं तेच, घरून शकुनचा फोन — माझी बायको — तिचंबी तेच. म्हणे ऑपरेशनच्या वक्ती रक्त मशीनीतून फिरवलं, किडनीले कमी भेटलं, आता तिले जपा लागते. म्हून पाणी मापून, अंगदुखीची गोळी बंद, अन् घडीघडी जार पाह्याचा. मी शेवंतीची शेती करणारा माणूस, ठिबकचा फिल्टर तुंबला का खोलतो, धुतो, लावतो. यायच्याजवळ तसं काई नाई. यायच्याजवळ मशीन हाय, खाली, डायलिसिसची.

तुमच्या याच पलंगावर गोवर्धन होता. सेमाडोहकडचा, चांगला बोलता-चालता. त्याचा जार भरे नाई. संध्याकाळी स्ट्रेचर आणलं, म्हणे खाली मशीनवर नेतो — अन् सकाऊन पाहतो तं पलंग रिकामा, चादर बदललेली. इचारलं तं सिस्टर म्हणे, शिफ्ट केलं. कुठी शिफ्ट केलं? तं ते दुसऱ्याचा बीपी पाहाले निघून गेली. मी काय समजाचं ते समजलो. आपला जार भरला पायजे.

अन् यायचा डाव पाहा — जार भरून राहिला, तरी म्हणते रक्तात किडनीचा आकडा चढून राहिला. डॉक्टर म्हणे, लघवी एवढी चांगली, मंग हे कावून? औषध वाढवू का कमी करू, त्याले समजेना. मले तं वाटते रक्तच बदलवलं कोणं. — पाय? हे पाहा, बोट दाबलं का खड्डा रायते. आडवा झालो का दम लागते, म्हून बसल्या बसल्याच झोपतो. शकुनले नाई सांगतलं. तुमाले कावून सांगून राहिलो काय मालूम. मले भेव लागते भाऊ, सरळ सांगतो. त्या मशीनीचं लय भेव लागते.

काय म्हणता? कोण, गोवर्धन? — खालच्या वार्डात? तुमी दुपारपर्यंत तिथीच होते? — थांबा. हॉस्पिटलवाल्यानं तं नाई पाठवलं तुमाले, मले समजवाले? मंग सांगा, दिसाले कसा हाय? — कानात बाळी, हो, ते तं कोणाच्याबी कानात रायते. करून काय राहिला होता? — जेवत होता? — वरणात मीठ नाई म्हून सैंपाक करणाऱ्याच्या सात पिढ्या काढून राहिला होता?

तोच हाय तो. दुसरा कोणी नाई.

घ्या तुमची बाटली. बेल तुमच्या उशाशी हाय, दाबा. — दाबा ना. अन् ते आली का तुमीच सांगा तिले, कालपासून जारात लघवीपेक्षा पाणीच जास्त हाय म्हणा. मले नाई सांगता येत. मी तिकडं तोंड करून बसतो.