पाव्हण्यांना काय सांगायचं

पुतळाबाई : थुंकी गिळा आन् नीट बसा. समजा, मी पोराचा बाप, पिशोरचा कडूबा. मी तुमाला इचारलं, "काय मुंजाबा, सध्या कोणती पाळी चालू हाय?" हां, बोला.

मुंजाबा : सध्या… सध्या ब्रेक भेटला हाय.

पुतळाबाई : झालं! ब्रेक टेम्परवारीला भेटतो. आमच्या मल्हारीनं त्यांना छातीवर हात ठिवून सांगितलंय, आमचे दाजी कंपनीत पर्मनंट हायेत म्हणून.

मुंजाबा : तुझा भाऊ! कोणी सांगितला व्हता त्याला येवढा शहाणपणा?

पुतळाबाई : तुमी शेजारीच बसले व्हते की. चहा फुरकत.

मुंजाबा : चहा गरम व्हता.

पुतळाबाई : गरम व्हता म्हणं! "मल्ह्या, खोटं कामून बोलतो," येवढं म्हणायला जीभ भाजली असती का?

मुंजाबा : बरं मंग, राजीनामा दिला म्हणतो. रुबाबात.

पुतळाबाई : आन् ते इचारतील, चांगली नोकरी सोडून द्यायला काय येड लागलं का? पोरीचा बाप येडा निघाला तर आणखीच पंचाईत.

मुंजाबा : माझ्या बापाचं बरं व्हतं बग. निजामाच्या वक्ताला नाक्यावर जवान व्हता. पोलीस ॲक्शन झाली, निजाम गेला, नाका गेला. कोणी इचारलं की मिशीला पीळ देऊन सांगायचा, "आपन बरतर्फ!" म्हंजी नोकरीतनं काढलेला, पण ऐकणाऱ्याला वाटायचं, बढतीच झाली का काय.

पुतळाबाई : सासरे ते सासरे. तुमी बरतर्फ म्हणून बघा, रडू यील तुमाला.

मुंजाबा : यीलच. सांगू का, मला अजून खरं वाटत नाय. दर साली तसंच तर चालायचं. सात-आठ महिने झाले की कंपनी ब्रेक द्यायची, मी करमाडला भावाच्या मेंढरामागं जायचो, बोलावणं आलं की पुन्हा पाळीला. औंदाबी तसंच वाटलं.

पुतळाबाई : भावासाठी जर्दाळू घेऊन गेले व्हते. हसतखेळत.

मुंजाबा : शेवटच्या दिशी साहेबानं हातात हात दिला. तव्हाच कळाया पायजे व्हतं. इतक्या वर्सांत कधी दिला नव्हता. मी उलट म्हणालो, "येतो साहेब, भेटू पुढल्या महिन्यात." त्यो बिचारा खाली बघत ऱ्हायला.

पुतळाबाई : जाऊ द्या ना आता.

मुंजाबा : मंग महिन्यानं, बोलावणं आलं नाय तरी, डबा घेऊन गेटवर गेलो. आपला वॉचमन सांडू, रोज माझ्याकडनं तंबाखू घेणारा, त्यो म्हणला, "मुंजाबा, तुझं नाव नाय रं यादीत." म्या म्हणलं, नीट बग. त्यानं बघितल्यासारखं केलं. पुतळे, त्यानं बघितलं बी नव्हतं. त्याला आदीच ठावं व्हतं.

पुतळाबाई : घ्या, पाणी घ्या. असं करू नका वो, पाव्हणे यायची येळ झाली.

मुंजाबा : तेच म्हणतो मी. मी हर्सूलच्या तळ्याकडं जाऊन बसतो. तू सांग, ड्युटी लागली. पाव्हणे गेले की येतो.

पुतळाबाई : आन् बापाबिगर पोरगी दावू? लोक काय म्हणतील?

मुंजाबा : बाप कामाला गेला म्हणतील. तेवढं तरी म्हणू दे.

द्वारका : आबा, तुमी तळ्याकडं गेले तर मीबी बाहेर यायची नाय. पोहे तुमीच न्या.

पुतळाबाई : ही बघा! चुलीपाशी बसून समदं ऐकत व्हती. पोरीच्या जातीनं असं बोलावं का?

द्वारका : बोलू दे गं माय. आबा, लग्न झाल्यावर कळालं तर बोलणी कोणाला बसतील? मला. रोज भाकरी थापताना ऐकू का, की तुझ्या बापानं फसवलं?

मुंजाबा : आन् आताच सांगितलं आन् मोडली सोयरीक, तर? तुझं वय काय थांबतंय का? माझ्या पायी तुझं नुकसान झालं तर मी कुठं तोंड लपवू?

द्वारका : मोडली तर मोडली. मी लहान व्हते तव्हा माय सारखी म्हणायची, हळू बोल, आबा रातपाळी करून झोपलेत. मला तुमचं तोंड ठावंच नव्हतं, नुसती पाठ ठावं व्हती. आता दोन महिन्यांत तुमी माझ्याशी जेवढं बोलले ना, तेवढं आजवर नव्हते बोलले. मला लई बरं वाटतं तुमी घरी असले की.

मुंजाबा : बरं वाटतं?

द्वारका : लई.

मुंजाबा : …येडी हाय ही पोरगी, पुतळे.

पुतळाबाई : तुमच्यावरच गेली. पुसा डोळे. आन् ती टोपी सरळ करा.

(दाराची कडी वाजते. मुंजाबा उठतो, तळ्याकडच्या मागल्या दाराकडं एकदा बघतो आणि पुढचं दार उघडतो.)

मुंजाबा : या, या पाव्हणं. ये मल्हारी. मी मुंजाबा, द्वारकाचा बाप. मला कंपनीतनं काढलंय.

मल्हारी : अवो दाजी! आदी चपला तर काढू द्या माणसाला!

मुंजाबा : नाय, आदी ऐकून घ्या, मंग बसायचं का नाय ते ठरवा. मी पर्मनंट नव्हतो. कधीच नव्हतो. आता तर टेम्परवारी बी नाय. घरीच असतो.

कडूबा : मल्हारी, तू तर आमाला…

मुंजाबा : त्याला बोलू नका. त्यो बोलला तव्हा मी शेजारी बसून गप ऱ्हायलो. चूक माझी हाय. पोरीला ह्यातलं काय लावू नका, तिनंच मला दार उघडायला लावलं.

पुतळाबाई : पाव्हणं, उन्हातनं आले, पाणी तरी घ्या.

कडूबा : घेतो, वयनी. बसतो बी. मुंजाबा, तुमी बी बसा असं, उभे नका ऱ्हाऊ. एक सांगू का? माझ्या थोरल्याला दिवाळीच्या आदी वाळूजच्या कंपनीनं असंच काढलं. तव्हापासनं घरात कोणी आलं की त्यो मागल्या दारानं वावरात जाऊन बसतो. आज बी निघताना म्हणलं, चल रं, भावासाठी पोरगी बघायचीय. आला नाय.

मुंजाबा : कामून?

कडूबा : म्हणला, पोरीचा बाप कंपनीतला पर्मनंट माणूस, त्यानं मला इचारलं काय करतो, तर मी काय सांगू?

मुंजाबा : पुढल्या खेपेला आणा त्याला, पाव्हणं. माझ्यापाशी बसवा.

कडूबा : आणतो.