मंजुरीचा चौकोन

माझ्या व्यंगचित्रानं कुणाचं काम झालं, असं एकदाच घडलंय. भाची लातुरात एका ऑफिसासाठी सॉफ्टवेअर बनवत होती. तिच्या कागदावर नुसते चौकोन. म्हणली, "मामा, अर्ज, तपासणी, मंजुरी, हरेकाचा एक चौकोन. त्याची माहिती त्याच्यापाशी, कामबी त्याचंच."

मी गमतीनं चौकोनांना तोंडं काढली. मंजुरीला टेबलावर पाय टाकून झोपवलं. नेमका तोच कागद साहेबापुढं गेला. मला वाटलं, पोरीची नोकरी गेली.

संध्याकाळी तिचा फोन. "मामा, साहेब लई हसले. म्हणले, खरं हाय, हिला उठवा. आता अर्ज अडकला की सिस्टीमच मंजुरीला हलवून आठवण करणार. तेवढी जागी झालेली काढून द्या, भिंतीवर लावायचीय."

तीस वर्षं ऑफिसातले बाबू झोपलेलेच काढले, भाऊ. जागा चेहरा काढायला मला दोन दिवस लागले.