साहेबांचा अंगठा

नाही, पण मी म्हणते, नर्सला पाय किती असतात? दोनच ना? आणि आमच्या मेंदूच्या वॉर्डात खाटा चौदा. चार नंबरच्या डोळ्यांत तासातासाला बॅटरी मारून बाहुल्या बघायच्या, नऊ नंबरचे आजोबा दर दहा मिनिटांनी 'माझी बस चुकतेय' म्हणत कठड्यावरून पाय बाहेर टाकतात, त्यांना 'बस आज उशिरा आहे हो' म्हणून परत निजवायचं... आणि अशात सहा नंबरला आले साहेब.

साहेब म्हणजे इमारतींचे नकाशे मंजूर करायच्या कचेरीतले बडे अधिकारी, नुकतेच निवृत्त झालेले. दाढी करता करता झटका आला, उजवा हात, उजवा पाय लुळा, आणि वाचा गेली. म्हणजे सगळी नाही, तुम्हाला सांगते, एक शब्द तेवढा उरला. 'चालेल.' दुखतंय का? चालेल. कूस बदलू? चालेल. डॉक्टरांनी विचारलं, काका, नाव काय तुमचं? चालेल. आता हा काही होकार नव्हे बरं का... मेंदूला मार बसला की कधी कधी एकच शब्द जिभेवर अडकून बसतो, माणूस मनात काहीही म्हणो, बाहेर तोच पडतो.

पण हे बाईंना कोण पटवणार? बाई म्हणजे त्यांची बायको. तिसऱ्या दिवशी मला कोपऱ्यात ओढून म्हणतात, "सिस्टर, तेहतीस वर्षं संसार केला, यांच्या तोंडून चालेल कधी ऐकलं नाही हो. कचेरीतलं 'नामंजूर' घरी घेऊन यायचे." आणि बसल्या की खुर्ची ओढून. अहो, पडदे बदलू का? चालेल. धाकट्या बहिणीला महिनाभर बोलावू? चालेल. त्या जुन्या फायली रद्दीत घालू? चालेल. चेहरा असा फुललेला... मी म्हटलं, "बाई, ते हो म्हणत नाहीयेत." तर म्हणाल्या, "तुम्ही नका ना मध्ये पडू." नाही पडत बाई. पाय दोन, खाटा चौदा, मला कुठे वेळ आहे?

तिथेच चुकलं माझं. चौथ्या दिवशी दुपारी नऊ नंबरची बस पुन्हा आली, मी तिकडे धावले, तेवढ्यात बाईंनी विचारलं, "अहो, घोटभर चहा देऊ?" चालेल. अहो, अशा माणसाचा घसा दुबळा झालेला असतो, घोट थेट श्वासनळीत जातो, म्हणून खाटेवर ही एवढी पाटी, 'तोंडाने काही देऊ नका.' पण नवरा स्वतः चालेल म्हणतोय म्हटल्यावर पाटी कोण वाचतं? असा ठसका लागला, ओठ निळे पडले. मी कुशीवर वळवलं, नळी घालून घसा साफ केला, ऑक्सिजन लावला. बाई कप हातात धरून तशाच उभ्या. पुढे पाच दिवस ताप, छाती घरघरतेय, आणि बाई नुसत्या खुर्चीत बसून. एक प्रश्न विचारला नाही त्यांनी नंतर.

तेव्हा मात्र मी म्हटलं, पाय दोन असोत, खाटा चौदा असोत, याचा बंदोबस्त करायचा. वाचा शिकवणाऱ्या मॅडमना विचारलं आणि धरला साहेबांचा डावा अंगठा. वर म्हणजे हो, खाली म्हणजे नाही. जन्मभर सह्या ठोकलेला माणूस, मी त्याला अंगठेबहाद्दर करायला निघालेली. खात्रीसाठी प्रश्न कसे, तर उत्तर आपल्याला ठाऊक असलेले. साहेब, तुम्ही बाई आहात? अंगठा वर. तुम्हाला तीन कान आहेत? अंगठा वर. रोज तेच, एका हाताने सलाईन बघत, एक डोळा नऊ नंबरवर ठेवून... बाराव्या दिवशी विचारलं, साहेब, तुम्ही बाई आहात? तोंडाने 'चालेल', आणि अंगठा... सावकाश खाली. आणि नजर अशी, की टेबलावर जिना नसलेला नकाशा आलाय. पुरुष आहात? अंगठा वर.

बाईंना बोलावलं. त्या भीत भीत म्हणाल्या, "कुठे दुखतंय का हो?" अंगठा वर. शोधत शोधत गेलो तर उजवा खांदा. बारा दिवस मी त्याच खांद्याखाली हात घालून त्यांना उचलत होते, आणि ते चालेल चालेल करत होते. काय वाटलं असेल मला, सांगा? मग बाई म्हणाल्या, "मी चहा पाजला... रागावलात?" अंगठा खाली. पुन्हा विचारलं, पुन्हा खाली. बाईंनी पदराने डोळे पुसले, आणि जरा धीर आल्यावर... "मग पडदे?" खाली. बहीण? खाली, दोनदा. फायली? मूठच वळली. बाई रडता रडता हसायला लागल्या, "हेच, सिस्टर. हेच आमचे हे."

काल साहेब घरी गेले. जाताना बाईंनी माझे दोन्ही हात घट्ट धरले, आणि मग दाराशी जाऊन अभिप्रायाच्या वहीत स्वच्छ अक्षरात लिहिलं: 'सिस्टर कामाला चोख आहेत, पण रुग्णाला काही शिकवण्याआधी घरच्यांना विचारत जावं.'

मेट्रननी माझ्याकडे लेखी खुलासा मागितलाय. देईन की, बसायला मिळालं म्हणजे.